प्रोफाइल नाकारलं नाही, दिसलंच नाही

हुपरीत पैंजणाचं पॉलिश कुणाकडं चांगलं होतं, हे विचारायला चहाच्या गाड्यापलीकडं जावं लागत नाही. दोन घोट होईपर्यंत तीन नावं कानावर येतात आणि त्यातलं एक कुणाचा तरी साडू निघतं. याच गावातल्या चांदीकाम करणाऱ्या घरांतली पोरं नोकरीच्या पोर्टलवर प्रोफाइल टाकतात आणि सहा-सहा महिने फोनची वाट बघतात. मग कट्ट्यावर निकाल लागतो : ‘ऑनलाइन काही खरं नाही, वशिला लागतो.’ वशिला चालत नाही असं मी म्हणणार नाही. पण बहुतेकदा भानगड साधी असते. ते प्रोफाइल कुणी नाकारलेलं नसतं, कुणाला दिसलेलंच नसतं.

कॉम्प्युटर रिझ्युमे वाचतो आणि नापास करून फेकून देतो, हा त्यातला पहिला गैरसमज. ‘नोकरी डॉट कॉम’ १९९७ पासून चालू आहे, लिंक्डइन २००३ पासून. दोन्हीकडं कंपनीतला माणूस पद, कौशल्य, शहर, अनुभवाची वर्षं टाकून शोध घेतो. समोर लांबलचक यादी येते, तो वरची काही नावं उघडतो आणि काम झालं की थांबतो. एखादा रकाना मोकळा सोडला असेल, तर त्या रकान्याची चाळणी लागताच तुम्ही यादीबाहेर. कधी रुजू होऊ शकता, पगाराची अपेक्षा किती, हे ‘नंतर भरू’ म्हणून ठेवलेले रकाने इथं नडतात.

हुपरीत सगळ्यात जास्त नडतो तो अनुभवाचा रकाना. इथली चांदी घराघरांत घडते. माळ्यावर नाहीतर सोप्यातच कामाची जागा, आणि पोरगं शाळेतून आलं की हाताखाली बसतं. पुढं ते प्रोफाइल भरताना अनुभव लिहितं शून्य. का? तर नेमणुकीचं पत्र नाही, पगाराची स्लिप नाही, ‘घरच्या कामाला कोण अनुभव म्हणतंय?’ झालं, आठ वर्षं हात चाललेला कारागीर पोर्टलच्या लेखी काल कॉलेजातून बाहेर पडलेला ठरतो. वस्तुस्थिती अशी, की स्वयंरोजगार किंवा कौटुंबिक व्यवसाय असं सरळ लिहिता येतं. कुठल्या वर्षापासून, कुठलं काम, कुठल्या यंत्रावर, हे खरं असलं म्हणजे पुरे. कागद हवाच असेल, तर प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीच शिकलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. दागिन्यांच्या कामासाठी जेम अँड ज्वेलरी स्किल कौन्सिल आहे.

आता शब्द. आपण ‘मेहनती, प्रामाणिक, कोणतंही काम करण्याची तयारी’ असं लिहितो. स्थळाला पाठवायच्या माहितीत हे शोभतं. शोधाच्या खिडकीत ‘प्रामाणिक’ टाईप करणारा साहेब अजून जन्मायचा आहे. तो टाईप करतो कामाचं नाव, आणि तेही बहुधा इंग्रजीत. आपण पैंजण म्हणतो, परराज्यातला व्यापारी पायल म्हणतो, निर्यातदार अँकलेट शोधतो. प्रोफाइलात तिन्ही असू द्यावेत. नुसतं ‘कास्टिंग’ लिहिलं तर कोल्हापूर पट्ट्यात त्याचा अर्थ फाउंड्री असाच घेतला जाणार. म्हणून ‘ज्वेलरी कास्टिंग’. नुसतं ‘कॅड’ही तसंच मोघम. राइनोवर दागिन्याचं डिझाइन करता की ऑटोकॅडवर यंत्राचा भाग काढता, ते नावानिशी लिहावं. उलट डाय, प्रेस, प्लेटिंग येत असेल, तर तेच शब्द कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या कारखान्यांनाही लागतात. तिथं चांदीचा उल्लेख थोडा मागं राहिला तरी चालतं.

शहराच्या रकान्यात नुसतं हुपरी ठेवू नये, कारण शोधणारा कोल्हापूर टाकतो. हुपरीचं इंग्रजी स्पेलिंगही लोक दोन तऱ्हांनी करतात, त्यात ते आणखी हरवतं. कोल्हापूर निवडा, हुपरी पत्त्यात लिहा.

काहींनी हे शब्दांचं गणित ऐकलेलं असतं. मग ते एकच शब्द वीसदा लिहितात, किंवा पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत लपवतात. सॉफ्टवेअर मजकूर बाहेर काढतं तेव्हा ती लपलेली अक्षरं उघडी पडतात आणि वाचणारा एका नजरेत ओळखतो. चांदीत भेसळ घालून टंच लपवण्यासारखंच आहे हे, आणि टंच काढणारे कसे असतात ते हुपरीकरांना मी काय सांगावं?

फोटो, रंगीत पट्टे, दोन रकान्यांची मांडणी केलेला दिमाखदार रिझ्युमे नेट कॅफेवाला करून देतो. तो भिंतीवर छान दिसेल. पण मजकूर चित्रात अडकला, किंवा कागदाचा मोबाईलवर काढलेला फोटोच अपलोड केला, तर मशीनला त्यातलं काही वाचता येईल याचा भरवसा नाही. साधा वर्डचा किंवा त्यावरून केलेला पीडीएफ बरा.

‘एकदा भरलं की झालं’ हेही खरं नव्हे. अलीकडं कोण सक्रिय होतं, ही चाळणी शोधणाऱ्याच्या हाताशी असते. महिन्या-दोन महिन्यांनी आत जाऊन खरोखर बदललेलं काही घालावं. सध्याच्या मालकाला कळेल ही धास्ती गावात रास्तच. काही पोर्टलांवर ठरावीक कंपन्यांपासून प्रोफाइल लपवता येतं, पण गुपित राहीलच याची हमी कुणी देत नाही.

पैशाबद्दल थोडक्यात. काही पोर्टल फी घेऊन प्रोफाइल ठळक करतात. ती जाहिरात असते, नोकरीची हमी नव्हे. ‘रजिस्ट्रेशनचे अमुक भरा, नोकरी पक्की’ असा फोन आला, तर तो ठेवून द्यावा. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावं. केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल २०१५ पासून आहे, राज्याचं महास्वयम् आहे. दोन्हीकडं नोंदणीला पैसे पडत नाहीत.

हे सगळं झालं की एकदा प्रोफाइलवरचा मोबाईल नंबर बघा. बारावीला असताना भरलेला, त्या वेळच्या सिमचा तर नाही ना?