१३५७ची फोड

कोल्हापुरात नवी गाडी दारात आली की मायलेजच्या आधी नंबर विचारतात. एमएच ०९च्या पुढचे चार अंक कोणते आणि बेरीज किती? समजा कुणी १३५७ घेतला, तर बेरीज १६, म्हणजे सात. त्यानं भाग्य उजळतं की नाही, ते ज्याचं त्यानं पाहावं. गणितात मात्र ही बेरीज कामाची आहे: १३५७ला नऊने भागलं की बाकी सातच उरते.

आता विषम संख्या अशाच चिकटवत चला: १, १३, १३५, १३५७, १३५७९, १३५७९११... पहिल्या तीन विषम संख्यांची बेरीज ९, सहांची ३६, नवांची ८१. म्हणून दर तिसऱ्या संख्येला नऊने भाग जाणारच. १३५ म्हणजे ३×३×३×५, १३५७९११ म्हणजे ३×३×३×१९×२६४७. शेवटी पाच आला तरी मूळ संख्येची आशा सोडायची. १३ स्वतःच मूळ आहे. १३५७ = २३×५९ आणि १३५७९ = ३७×३६७, हे वहीत निघतं.

खरी गंमत सातव्या संख्येत आहे, १३५७९१११३. एकेका मूळ संख्येने भागत बसलात तर बाराशेहून जास्त भागाकार होतील. त्यापेक्षा वर्गमूळ काढा. ते ११६५३च्या किंचित खाली येतं. ११६५३चा वर्ग १३५७९२४०९. त्यातून आपली संख्या वजा केली की उरतात १२९६, म्हणजे ३६चा वर्ग! मग अवयव ११६५३−३६ आणि ११६५३+३६. ११६१७ आणि ११६८९, दोन्ही मूळ. पहिल्याच फटक्यात सुटलं. अवयव एकमेकांच्या जवळ असले तरच ही युक्ती झटपट चालते. १३५७९वर लावलीत तर ११७पासून २०२पर्यंत, तब्बल ८६ वेळा वर्ग करावे लागतील. युक्ती फर्माच्या नावावर खपते, पण नारायण पंडितांच्या १३५६च्या ‘गणितकौमुदी’त ती आधीच आहे.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) असल्याच खेळांत आयुष्यभर रमले. ६१७४ हा स्थिरांक त्यांचाच. आकडेमोड सगळी कागदावर.

विषमांच्या या ओळीत १३नंतरची मूळ संख्या थेट दहावी, १३५७९१११३१५१७१९. त्यापुढे सोळावी, चौतिसावी, एकोणपन्नासावी. मग मोठी उडी: २५७०वी, ५१३९वर संपणारी, ९७२५ अंकांची. ती १९९८ साली संगणकाने शोधली.