काशाची वाटी आणि तळपायांची ‘उष्णता’

उन्हाळा तापू लागला की मराठवाड्यातल्या पुष्कळ घरांत काशाची वाटी बाहेर निघते. रात्री जेवणे आटोपल्यावर तळपायांना तूप किंवा एरंडेल चोळायचे आणि वाटीचे गोल बूड त्यावर फिरवत राहायचे. दहा मिनिटांत तळवे काळे पडतात. “पाहिलंस, किती उष्णता निघाली ती!” असे आजी म्हणते. ज्याचे पाय घासले तो तोवर पेंगू लागलेला असतो.

आजीची ‘उष्णता’ आणि तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातली ‘उष्णता’ एकच काय? हिशेबच करून पाहू या.

कासे हा तांबे व कथील यांचा मिश्रधातू. त्याचा विशिष्ट उष्मा सुमारे 0.09. वाटी 100 ग्रॅमची धरा. घासताना ती 3 अंश सेल्सिअसने तापली, तर तिने घेतलेली उष्णता 100 × 0.09 × 3, म्हणजे 27 कॅलरी. उलट 50 किलोग्रॅम वजनाचे शरीर 1 अंशाने थंड करायला सुमारे 41,500 कॅलरी काढाव्या लागतात, कारण शरीराचा सरासरी विशिष्ट उष्मा 0.83 च्या आसपास असतो. वाटीचा वाटा दीड हजारावा भागसुद्धा नाही!

गंमत पुढेच आहे. घर्षणाचे बल 5 न्यूटन आणि हाताचा वेग सेकंदाला 30 सेंटिमीटर माना. दहा मिनिटांत वाटी 180 मीटर फिरते आणि 900 ज्यूल, म्हणजे सुमारे 215 कॅलरी उष्णता निर्माण होते. वाटी तापली ती बहुधा आजीच्या मेहनतीने.

मग काळे काय असते? पितळेचे भांडे फडक्याने घासून लखलखीत केले की फडके काळे होते, हे तुम्ही पाहिले असेल. धातूचे अतिसूक्ष्म कण चमकत नाहीत, काळे दिसतात. शिवाय घामातील क्षार आणि तुपातील आम्ले यांची तांब्याशी अभिक्रिया होते. खात्री करून घ्यायची असेल तर एका फळीवर जाडेभरडे पांढरे कापड ताणून बसवा, त्याला तूप लावा आणि वाटी जोराने घासा. कापडही काळे पडेल. कापडाच्या अंगात कुठली आली उष्णता?

याचा अर्थ तळव्यांची आग खोटी, असा मात्र नाही. धर्माबादची मिरचीची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. मिरची हाताळणाऱ्याचे हात कसे भगभगतात ते तिथल्या मुलांना सांगायला नको. त्या हाताला चटका देण्याइतके तापमान नसते. आपल्या मज्जातंतूंत सुमारे 43 अंशांना उघडणारी एक ‘झडप’ असते, आणि मिरचीतील कॅप्सेसिन ती उष्णतेवाचूनच उघडते. मेंदूला निरोप जातो, ‘भाजले!’ ही झडप डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये शोधली. 2021 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. सांगायचे ते हे की, आग होणे हा मज्जातंतूचा निरोप आहे; तापमापीवर तो दिसेलच असे नाही.

आणि आरामाचे काय? तो खरा आहे. पादाभ्यंगाने पायांचा थकवा व खरखरीतपणा जातो असे चरकसंहितेतही सांगितले आहे. धातू सुवाहक असल्यामुळे वाटी प्रथम गार लागते. एका लयीतला दाब आणि मायेचा हात यांनी मन निवते. आणखी एक गोष्ट आजीच्या बाजूने सांगायला हवी. पायांतील रक्तवाहिन्या रुंदावल्या की रक्ताबरोबर आलेली उष्णता त्वचेतून हवेत जाते. पाय असे उबदार झाले की झोप लवकर लागते, असे बाझेलच्या संशोधकांना 1999 मध्ये आढळले. तळवा हा शरीराचा रेडिएटर खराच!

पण या आरामावर मोठा इमला उभारला गेला. अमेरिकेतील विल्यम फिट्झजेराल्ड यांच्या 1917 च्या कल्पनेवरून युनिस इंगहॅम यांनी 1930 च्या दशकात तळव्याचा नकाशाच काढला: इथे दाबले की यकृत, तिथे दाबले की मूत्रपिंड. तळव्याच्या त्या बिंदूपासून यकृताकडे जाणारी अशी कोणतीही खास वाट शरीरशास्त्राला सापडलेली नाही. एडझार्ड अर्न्स्ट यांनी 2009 मध्ये 18 चाचण्यांचा आढावा घेतला. कोणताही रोग याने बरा होतो असा पटण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही.

हे सारे मी एवढ्या आग्रहाने सांगतो, याला कारण आहे. तळपायांची आग हे मधुमेहाचे किंवा ब-12 जीवनसत्त्वाच्या अभावाचेही लक्षण असू शकते. ‘उष्णता’ म्हणून वाटी घासत राहिले, तर वर्षे निघून जातात. मधुमेहात पाय बधिर होतात, घासताना झालेली जखम कळत नाही आणि ती चिघळते.

तुमच्या घरी कुणाला मधुमेह असेल तर एक सोपी तपासणी करा. त्यांना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला तुमच्या बोटाने एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करा. दाबू नका, घासू नका. स्पर्श कळला की ‘उजवा’ किंवा ‘डावा’ असे त्यांनी म्हणायचे. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर वाटी फडताळात ठेवा आणि त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.