मृत्युपत्राचा निष्पादक

मृत्युपत्रातील तरतुदी अंमलात आणण्यासाठी मृत्युपत्रकर्त्याने नेमलेल्या व्यक्तीस निष्पादक किंवा एक्झिक्युटर म्हणतात. भारतात निष्पादकाचे अधिकार व कर्तव्ये मुख्यतः भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ याने नियमित केली आहेत. नेमलेल्या व्यक्तीस हे काम नाकारता येते. मात्र स्वीकारल्यानंतर त्याची जबाबदारी टाळता येत नाही.

मृताची मालमत्ता निष्पादकाच्या ठायी निहित होते, पण ती उपभोगासाठी नव्हे. मृताच्या ऐपतीस साजेशा अंत्यविधीची तरतूद करणे, मालमत्तेचा शोध घेऊन ती सुरक्षित राखणे, येणी वसूल करणे, देणी फेडणे आणि उरलेल्या मालमत्तेचे मृत्युपत्राप्रमाणे वाटप करणे, ही त्याची प्रमुख कर्तव्ये होत. देण्यांचा क्रमही ठरलेला आहे : प्रथम अंत्यविधी व अखेरच्या आजारपणाचा खर्च, मग प्रोबेटचा व आवश्यक दाव्यांचा खर्च, त्यानंतर मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतील मजूर, कारागीर व घरगडी यांचे वेतन आणि शेवटी इतर कर्जे. मालमत्ता अपुरी पडल्यास ही इतर कर्जे सम प्रमाणात फेडावी लागतात. निष्पादक स्वतः धनको असला, तरी त्यास अग्रक्रम मिळत नाही. कर्जे फिटेपर्यंत लाभार्थींचा हक्क मागे राहतो आणि मृत्यूपासून एक वर्षापर्यंत वाटप करण्याचे बंधन निष्पादकावर नसते. मुस्लिम व्यक्तीच्या बाबतीत खर्च व कर्जे भागल्यावर उरलेल्या मालमत्तेच्या एकतृतीयांशापुरतेच मृत्युपत्र वारसांच्या संमतीवाचून सामान्यतः अंमलात येते.

मृत्युपत्र खरे ठरवून न्यायालय निष्पादकास जो दाखला देते, त्यास प्रोबेट म्हणतात. ते मिळाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी व एका वर्षात हिशेब न्यायालयास सादर करावा लागतो. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे केलेल्या व स्थानिक मालमत्तेपुरत्या असलेल्या हिंदूंच्या मृत्युपत्रास प्रोबेटची सक्ती नव्हती. त्याच मृत्युपत्रात मुंबई शहरातील सदनिका असल्यास मात्र ती होती. ही सक्ती करणारे कलम २१३ हे २०२५ च्या निरसन व सुधारणा अधिनियमाने वगळण्यात आले. वाद संभवत असल्यास जिल्हा न्यायालयातून प्रोबेट घेणे आजही हितावह असते.

सक्ती नसलेल्या भागांत निष्पादकाचे काम म्हणजे सातबारा उताऱ्यावर अथवा मिळकत पत्रिकेवर नावे लावून घेणे, असा समज आढळतो. परंतु फेरफार नोंद मुख्यतः महसुलासाठी असते. तीमुळे मालकी सिद्ध होत नाही व मृताचे कर्जही फिटत नाही. निष्पादकास अधिकार मिळतो तो मृत्युपत्रामुळे. प्रोबेट हा त्याचा पुरावा होय. त्यामुळे प्रोबेट घेतले नाही, तरी मूळ कर्तव्ये कायम राहतात. मालमत्तेचा गैरवापर किंवा येणी वसूल करण्यात हयगय करून नुकसान केल्यास ते निष्पादकास स्वतः भरून द्यावे लागते. म्हणून न्यायालय हिशेब मागत नसतानाही प्रत्येक जमाखर्चाची पावती जपून ठेवणे, हेच त्याचे खरे संरक्षण ठरते.