चोर आधी गल्ली पाहतो

पाथर्डी तालुक्यातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. लहान पोरे बरोबर, म्हातारी माणसे मागे. काही घरांत तर मागे कोणीच राहत नाही. कारखाना बंद होईपर्यंत दाराला कुलूप.

आत काय असते? दोन पोती बाजरी, भांडीकुंडी, पेटीत चार लुगडी, एखादा डाग. पण तेवढे गेले, तर पुढच्या साली आणखी मोठी उचल घेणे आले.

चोर कुलूप शोधतो, हे खरे. पण कुलपाच्या आधी तो गल्ली पाहतो. येथे आपल्याला कोण हटकील? मागून शिरता येईल काय? पळायला वाट कोठे आहे?

बाजाराकडून एस.टी. स्टँडकडे जाणारा रस्ता घ्या. तेथे दिवसभर परकी माणसे येतात-जातात. त्यांत चोरही खपून जातो. आता चार घरांचा बंद बोळ पहा. तेथे नवखा माणूस शिरला, की ओट्यावरची म्हातारी लगेच विचारते, “कुणाकडं आलात, पाव्हणं?” चोराला हा प्रश्न नको असतो.

इंग्लंडात मर्सीसाइड भागातील घरफोड्या संशोधकांनी रस्त्यांच्या नकाशाशी ताडून पाहिल्या. ते काम २०१० साली प्रसिद्ध झाले. बंद बोळांत घरफोड्या कमी आढळल्या, मोठ्या रस्त्यांवर जास्त. त्याच भागातील लिव्हरपूल शहरात घरांच्या मागच्या बोळांना फाटके लावली. किल्ल्या फक्त तेथे राहणाऱ्यांकडे. तेथील घरफोड्या कमी झाल्या.

आपल्याकडे पूर्वी गावाला कूस होती, वेस होती, जागल्या होता. मतलब तोच.

मात्र ऊसतोडीच्या दिवसांत हा हिशेब उलटतो. बोळातील चारही घरांना कुलूप असेल, तर विचारणार कोण? मग तोच बोळ चोराला आडोसा होतो. उंच कंपाउंडचेही तसेच. चोर एकदा भिंतीपलीकडे उतरला, की रस्त्यावरून तो दिसत नाही. भिंत कमरेएवढी असली तरी शेळ्या-गुरे अडतात. एवढा खर्च करून लोक उंच भिंत का बांधतात, कोण जाणे!

म्हणून जाण्यापूर्वी गल्लीत बसून बोला. एखादे तरी घर उघडे राहील असे पहा. मागे राहणाऱ्या म्हातारीला सांगा, “आमचंबी अंगण झाडत जा.” दारात पाचोळा साचला, की घर रिकामे असल्याचे कळते. घरामागची वेडी बाभूळ तोडा. वळणावर दिवा नसेल, तर ग्रामसभेत मागा. गावठाणात नवी घरे बांधताना दारे समोरासमोर ठेवा. मागे अंधारी बोळकांडी सोडू नका.

आणि घर फुटलेच, तर ११२ या नंबरावर पोलिसांना फोन करा. शेजाऱ्यांनाही सावध करा. एकदा फुटलेल्या घरात किंवा त्याच्या आसपास चोर थोड्याच दिवसांत पुन्हा येतो, असे पुष्कळदा घडलेले आहे. गल्लीची माहिती त्याला आता झालेली असते.