पाळणा जुना, पारख नवी

घरात नवा जीव येणार म्हटले की पहिली आठवण होते ती माळ्यावरच्या पाळण्याची. थोरल्या जाऊबाईंनी जपून ठेवलेली दुपटी, आत्याकडे पडून असलेली बाबागाडी, परदेशातील नातलगांनी आणलेली कार सीट, अशा वस्तू एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहतात. तान्ह्या बाळाच्या अंगाला प्रथम जुने, मऊ कापड लावावे ही तर आपली रीतच आहे. मूल झपाट्याने वाढते, वस्तू काही महिन्यांत बाजूला पडते. म्हणून जुनी वस्तू वापरणे काटकसरीला आणि अपरिग्रहाच्या संस्काराला धरूनच आहे. मात्र दुकानात माल घेताना जी पारख होते, ती आप्तांकडून आलेल्या वस्तूची होत नाही. तेथे भीड आडवी येते. झबल्यातील उणीव निभावून जाते. पाळण्यातील उणीव बाळाच्या जिवावर बेतू शकते.

पाळणा आणि अंथरूण

टांगत्या पाळण्याच्या कड्या, साखळ्या आणि आकडे प्रथम तपासावेत. झिजलेली कडी, गंजलेला आकडा किंवा कीड लागलेले लाकूड दिसल्यास दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत पाळणा वापरू नये. कठडा असलेल्या पलंगाच्या दोन गजांतील अंतर ६ सेंटीमीटरहून अधिक नसावे. अधिक असल्यास बाळाचे शरीर त्यातून सरकते आणि डोके अडकते. गादी कडक असावी आणि गादी व कठडा यांच्या फटीत दोनपेक्षा अधिक बोटे जाऊ नयेत. एक बाजू खाली सरकणारे पलंग अमेरिकेत बालमृत्यूंना कारण ठरले. २०११ पासून तेथे त्यांची विक्री बंद आहे, जुने विकण्यासही मनाई आहे. असा पलंग कोणी प्रेमाने दिला तरी घेऊ नये.

राईची उशी अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तथापि पहिल्या वर्षात बाळाला उशी, लोड किंवा जाड गोधडी यांची गरज नसते. नाकातोंडावर आल्यास ती श्वास कोंडतात. बाळाला उताणे, सपाट गादीवर निजवावे.

जुन्या लाकडी वस्तूंच्या रंगात शिसे असू शकते. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा ९० पीपीएम ठरवणारे नियम २०१६ साली आले. त्यापूर्वी रंगवलेला कठडा दात येणारे मूल चघळते, आणि शिसे त्याच्या मेंदूच्या वाढीला बाधते. रंगाचे पोपडे निघत असल्यास ती वस्तू बाळापासून दूर ठेवावी. घरातच पॉलिशपेपरने घासल्यास विषारी धूळ घरभर पसरते.

पांगुळगाडा

चाकांच्या ज्या गोल गाडीत बाळाला बसवतात, तिने मूल लवकर चालू लागते हा समज खरा नाही. अशा गाडीतील मूल एका सेकंदात सुमारे एक मीटर अंतर कापते. मोठ्यांचा हात पोहोचण्याआधी ते जिन्यापाशी गेलेले असते. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असलेल्या घरांत जिना अरुंद व उभा असतो, तेथे हा धोका अधिक. कॅनडाने २००४ साली या गाड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. तेथे वापरलेली गाडीही विकता येत नाही. ही वस्तू नवी वा जुनी, न घेणेच श्रेयस्कर.

कार सीट

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १४ वर्षांखालील मुलांसाठी पट्टा किंवा बालसुरक्षा आसन आवश्यक ठरले आहे. जुने आसन घेताना त्याचा इतिहास ठाऊक हवा. अपघातात सापडलेले आसन बाहेरून धड दिसले तरी आतून तडकलेले असू शकते. उन्हातान्हात प्लास्टिक कमकुवत होते, म्हणून आसनावर उत्पादनाची तारीख आणि बहुधा वापराची मुदतही छापलेली असते. तारीख पुसलेली असेल, पट्टे विरलेले असतील किंवा आधीचा मालक अनोळखी असेल, तर ते आसन कितीही स्वस्त असले तरी नाकारावे.

खेळणी व बारीकसारीक वस्तू

१ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह अनिवार्य आहे. त्यापूर्वीच्या खेळण्यांवर ते नसेल, म्हणून ती अधिक बारकाईने पाहावीत. सुटे डोळे, बटणे, खुळखुळ्यातील मणी तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकतात. बटणासारखी चपटी बॅटरी सर्वांत घातक. ती अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांत आतून भाजते. बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होते की नाही, हे पाहावे. बाबागाडीचा ब्रेक, घडीचा खटका आणि कमरेचा पट्टा हाताने ओढून तपासावा. दुधाच्या बाटल्या व बुचे मात्र नवीच घ्यावीत.

नकार आणि दान

आप्तांची वस्तू परत करताना त्यांचे मन दुखावू नये, ही काळजी स्वाभाविक आहे. अशा वेळी कपडे, पुस्तके, दुपटी आनंदाने स्वीकारावीत आणि उरलेल्या वस्तूंविषयी कारण स्पष्ट सांगावे. कारण कळले की बहुतेकांना राग येत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढची. नाकारलेली वस्तू अनेकदा घरकामाच्या बाईंच्या किंवा दुकानातील नोकराच्या घरी ‘दान’ म्हणून जाते. जो पाळणा आपल्या नातवाला चालत नाही, तो दुसऱ्याच्या लेकरालाही चालत नाही. अशी वस्तू मोडून, पट्टे कापून, पुन्हा वापरता येणार नाही अशा स्थितीतच भंगारात द्यावी. जे द्यायचे ते धुऊन, उन्हात वाळवून, सुटे भाग आणि माहितीपत्रकासह द्यावे. त्यावर घेणाऱ्याने निःशंक विसंबावे, असेच ते असावे.