गोटुल : परिसरातला एक धडा



परिसर अभ्यासात किल्ले, लेणी येतात. हेमलकशाच्या आसपासच्या माडिया गावांतलं गोटुल मात्र राहून जातं. लाकडी खांब, बांबूच्या तट्ट्या, वर गवताचं किंवा कौलांचं छप्पर. गावाची बैठक इथेच, नाचगाणं इथेच, पाहुण्यांचा मुक्कामही इथेच. ते बांधायला गावाचे हात लागतात, म्हणून ते एकट्या कुणाचं नसतं.

इंग्लंडमध्ये कितीतरी जुन्या पबच्या इमारती कायद्याने जपल्या आहेत. आपल्याकडे सिमेंटचं सभागृह आलं की लाकडी गोटुल मागे पडतं. मग खांब उभा करायची रीत मुलं कुणाकडून शिकणार?

एकदा वर्ग तिथे न्या. खांब मोजू द्या, चित्र काढू द्या, माडिया शब्द मुलांनाच सांगू द्या. त्या दिवशी शिक्षक तीच!