जुन्या मोटारसायकलचे दिवे: घरच्या घरी काय तपासावे

मागच्या हिवाळ्यात आम्ही उभयता बारडोलीहून हळदीचा कार्यक्रम आटोपून रात्री सुरतेकडे येत होतो. ऊसतोडीचा हंगाम, त्यामुळे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. कडोदऱ्याच्या अलीकडे मागून आलेल्या टेम्पोने करकचून ब्रेक मारला. चालक आधी चिडला, मग म्हणाला, "काका, पाछळनी लाइट बंध छे." पुढचा दिवा लख्ख होता, म्हणून आम्हाला शंकाही आली नव्हती. घरी येऊन पाहिले तर बल्ब चांगला होता. मागच्या मडगार्डखालचा एक बोल्ट गंजला होता, एवढेच. दुरुस्तीचा खर्च शून्य, पण त्या रात्री किंमत किती मोजावी लागली असती, याचा विचार नकोसा वाटतो.

आपल्या मंडळातील कित्येक घरांत अजून स्प्लेंडर, सीडी 100, आरएक्स 100 किंवा बुलेट आहे. काही जण त्याच गाडीवर व्यारा, सोनगढ, नवापूर करत गावी जातात. त्यांच्यासाठी हे अनुभवाचे बोल.

आधी पाहा, कोणते दिवे गेले

बँकेत ताळा जुळला नाही की आम्ही सगळे लेजर उपसत नसू. फरक कोणत्या खात्यात आहे ते आधी शोधत असू. इथेही तसेच करावे.

इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवावी आणि हेडलाइटचा स्विच दाबावा. दिवा लागला तर तो बॅटरीवर चालतो. जुन्या बुलेटमध्ये बहुधा असे असते. लागला नाही, पण इंजिन सुरू केल्यावर लागला आणि ॲक्सिलरेटर दिला की उजेड वाढला, तर तो थेट मॅग्नेटच्या कॉइलवर आहे. जुन्या शंभर सीसी गाड्यांत हेडलाइट आणि मागचा लाल दिवा सहसा असा चालतो. हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकलाइट मात्र बॅटरीवर असतात.

यावरून अर्धे निदान होते. अशा गाडीत हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकलाइट एकदम गेले, पण हेडलाइट चालू आहे, तर बॅटरी किंवा फ्यूज पाहावा. एकच दिवा गेला असेल तर बल्ब, होल्डर आणि त्याच्या वायरी पाहाव्यात.

अर्थ: सर्वांत जास्त दुर्लक्षित जोड

वीज बल्बपर्यंत जाते, तशी परतही यावी लागते. मोटारसायकलमध्ये ती परत येते फ्रेमच्या लोखंडातून. जिथे वायर फ्रेमला बोल्टने जोडलेली असते, तिथे गंज किंवा रंग आला की दिवा मंद होतो किंवा जातो.

याची एक ठळक खूण आहे. ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा उजळण्याऐवजी मंदावतो, किंवा इंडिकेटरबरोबर भलताच दिवा लुकलुकतो. असे दिसले तर नवे सामान आणू नये. बोल्ट सोडवून वायरचे टोक आणि फ्रेम पॉलिश पेपरने चकचकीत घासावी, बोल्ट घट्ट करून वर थोडे ग्रीस लावावे. खात्रीसाठी एक साधी वायर घेऊन तिचे एक टोक बल्बच्या होल्डरच्या धातूला आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला लावावे. दिवा नीट पेटला की दोष अर्थचाच.

पूर, खारी हवा आणि हिरवा थर

ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि बहुतेक शहर पाण्याखाली गेले. आमचीही गाडी बुडाली होती. पाणी ओसरल्यावर इंजिन सुरू झाले, त्यामुळे आम्ही निश्चिंत राहिलो. वर्षभराने एकेक दिवा जाऊ लागला. प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये गाळ आणि ओल राहून तांब्या-पितळेवर हिरवट थर चढला होता. आपल्याकडे समुद्राची दमट हवा आहे, त्यामुळे पूर नसतानाही हे हळूहळू होतच असते.

बॅटरीची वायर सोडवून मगच कनेक्टर उघडावेत. सीटखालचे आणि हेडलाइटच्या डोममधले प्रत्येक टोक साफ करावे.

हँडल वळवले की दिवा जातो आणि सरळ केले की येतो, असे होत असेल तर हँडलच्या मानेपाशी वायर आतून तुटलेली असते. वरचे आवरण शाबूत दिसते, म्हणून फसगत होते.

बल्ब पुन्हा पुन्हा उडत असेल तर

महिन्यात दोन-तीन बल्ब गेले तर बल्बला दोष देऊ नये. रेग्युलेटर बिघडला की वेगात दाब फार वाढतो आणि तार वितळते. ॲक्सिलरेटर दिल्यावर मल्टिमीटरने बॅटरीवर साधारण 14 व्होल्ट दिसावेत. 15 च्या बरेच वर गेले तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जावे. मात्र काही गाड्या 6 व्होल्टच्या आहेत, तेव्हा बॅटरीवरचा आकडा आधी वाचावा.

हे करू नये

फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटची चांदी लावू नये. फ्यूज वरच्यावर उडतो याचा अर्थ कुठेतरी वायर सोलून फ्रेमला टेकते आहे. वर पेट्रोलची टाकी आहे, हे विसरू नये. तसेच 35 वॅटच्या जागी 60 वॅटचा बल्ब घालू नये. जुनी कॉइल तेवढी वीज देत नाही, आणि होल्डर व स्विच तापतात.

दोन मिनिटांची सवय

1 एप्रिल 2017 पासून येणाऱ्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही आपोआप चालू राहतो. आपल्या जुन्या गाडीत ही काळजी आपल्यालाच घ्यावी लागते. आम्ही आता रात्री निघण्याआधी गाडीची पाठ पार्किंगच्या भिंतीकडे करतो. भिंतीवर लाल उजेड दिसतो का, पुढचा ब्रेक आणि पायाचा ब्रेक वेगवेगळा दाबल्यावर तो वाढतो का, दोन्ही इंडिकेटर चालतात का, एवढे पाहतो. घरातले कोणी जवळ असेल तर त्यांना मागे उभे करतो.

पुढचा दिवा आपल्याला रस्ता दाखवतो. मागचा दिवा आपल्याला कधीच दिसत नाही, तो मागून येणाऱ्यासाठी असतो. म्हणून तो गेल्याचे आपल्याला सर्वांत शेवटी कळते. नवरात्रात मुले रात्री उशिरा गरब्याहून परततात. त्याआधी एका रविवारी सर्वांनी आपापली गाडी अशी तपासून घ्यावी, ही विनंती.